पाठीमागे उभा राहणारा



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय शोभते, इतिहास शोभतो. फुटबॉल येथे कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सोपे आहे. ज्या खेळापायी गावची मुले रोज संध्याकाळी धुळीने माखून घरी येतात, तो खेळ गावातील वडीलधाऱ्यांच्याही विचाराचा विषय असला पाहिजे. शिवाय २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने आपल्या शेजारी नेरुळास झालेच आहेत.

आज आम्ही बोलणार आहोत ते गोव्याच्या डेरिक परेरा यांच्याविषयी. जन्म १९६२ चा. साळगावकर क्लबाच्या बचावफळीत ते खेळले आणि भारतीय संघापर्यंत पोहोचले. आता, गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात झळकते. न झालेल्या गोलाची बातमी कोण छापणार? बचावपटूचे सारे कर्तृत्व असे न घडलेल्या गोष्टींत साठलेले असते.

पण या जागेचा एक लाभ आहे. आघाडीचा गडी पुष्कळदा पाठमोरा असतो. त्याची दृष्टी चेंडूवर आणि गोलाच्या जाळ्यावर. मागे उभ्या असलेल्यास मात्र सारे मैदान समोर दिसते. ऑफसाइडचा सापळा लावायचा तर साऱ्या बचावफळीला एकदम पुढे सरकावे लागते; एकाचे पाऊल मागे राहिले की सापळा फसला. म्हणून तो सतत हाका मारतो, इतरांना जागेवर आणतो. मेक्सिकोचा राफाएल मार्केस हा असाच बचावपटू. २००२ ते २०१८ या काळातील पाच विश्वचषकांत त्याने आपल्या देशाचे नेतृत्व केले आणि पुढे बार्सिलोनाच्या दुसऱ्या संघाला शिकविले. हाका मारणारा गडी उद्याचा गुरुजी होतो, यात आम्हांस तरी नवल वाटत नाही.

परेरा गुरुजी झाले आणि महाराष्ट्रात आले. राष्ट्रीय फुटबॉल लीग तोवर पंजाब, बंगाल आणि गोवा यांच्याच घरी नांदत होती. २००५-०६ च्या हंगामात मुंबईच्या महिंद्र युनायटेडने ती जिंकली, तेव्हा संघाचे प्रशिक्षक परेराच होते. नंतर ते पुणे फुटबॉल क्लबाकडे गेले. २०१२-१३ साली त्या संघाने आय-लीगमध्ये दुसरे स्थान मिळविले. सारेच दिवस सुखाचे नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये एफ.सी. गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक हंगाम अर्ध्यावर सोडून गेले, तेव्हा ती जबाबदारी परेरांनी अंगावर घेतली. संघ नवव्या स्थानी राहिला. अडचणीच्या वेळी आठवण व्हावी आणि यशाच्या वेळी विसर पडावा, हे मागे उभ्या राहणाऱ्याच्या नशिबीच असते.

श्रोतेहो, खरी विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला. पुण्याचा तो क्लबही पुढे उरला नाही. चषक जिंकूनही संघ जगत नाही, हे कसे? कारण उघड आहे. मालकाच्या हिशेबात खेळ हा खर्चाचा रकाना असतो, आणि रकाना केव्हाही मिटविता येतो. माणूस मात्र आपली विद्या घेऊन दुसऱ्या दाराशी जातो. म्हणून ज्याला खेळ टिकवायचा आहे, त्याने प्रथम शिकविणारा सांभाळावा आणि मैदान राखावे.

उलवे हे नवे गाव. २०१८ साली खारकोपरपर्यंत रेल्वे आली, २०२४ साली सागरी सेतू झाला. जमिनीचे मोल आता चौरस फुटावर बोलले जाते. अशा ठिकाणी रिकामे मैदान पाहून पुष्कळांचे हात शिवशिवतात. येथे बचावफळी कोणी उभी करायची? सिडकोने आखावे हे खरे; पण आखलेले राखणे आपल्याकडे आहे. प्रत्येक वसाहतीने एक मैदान आणि त्यावर नियमाने उभा राहणारा एक शिकविणारा एवढे जरी आपले मानले, तरी पुष्कळ झाले.

या कामात नाव होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वाचलेल्या मैदानाची बातमी होत नाही. पण तेथे संध्याकाळी मुले धावताना दिसतील, तेवढी पावती आपल्याला पुरे.