नवी मोटार देऊन जुनी घेताना

जुने देऊन नवे घेणे ही जगाची रीत आहे. फुटकी भांडी मोडीत घालून नवी आणावीत, थकलेला बैल विकून खोंड आणावा, याला कोणी कारण विचारीत नाही. पण एखाद्या गृहस्थाने दारातील चांगली मोटार देऊन तिच्याहून सहा वर्षांनी जुनी मोटार घरी आणली, तर गल्लीतील माणसे प्रथम हसतात आणि मग हलक्या आवाजात विचारतात, "काय, अडचण आली का काय?" जुने घेणारा एक तर फसला असला पाहिजे, नाहीतर कर्जात बुडाला असला पाहिजे, अशी आपली समजूत असते. ही समजूत प्रत्येक वेळी खरी ठरते काय, हे पाहण्यासाठी बीदर जिल्ह्यातील चिटगुप्प्याच्या एका घरात डोकावू या. घर कल्पनेतले आहे. पण तशी घरे त्या मुलखात फारशी शोधावी लागणार नाहीत.

घरात माणसे सात. आजी, तिचे दोन मुलगे, दोन सुना आणि दोन नातवंडे. थोरला अडत दुकान सांभाळतो, धाकटा नोकरी करतो, धाकटी सून परिचारिका आहे. दारात २०१८ सालची लहान एसयूव्ही उभी आहे; जागा पाच. ठेवलेलीही निगुतीने. पण सात माणसे आणि पाच जागा हे गणित कोणत्याही रीतीने सुटत नाही. लहान मुलाला मांडीवर घेतले तरी एक माणूस उरतेच. ते माणूस बहुधा आजीच असते. "तुम्ही जावा रे, मी घर बघते," असे ती म्हणते, आणि सगळ्यांना ते सोयीचे वाटते. माणिकनगरला जाताना ती मागे राहिली, गाणगापूरला जाताना राहिली. शेवटी उदगीरला तिच्या सख्ख्या भाचीच्या मुलीचे लग्न निघाले, तेव्हाही ती म्हणाली, "मी घर बघते." त्या दिवशी मात्र थोरल्याला घास गिळेना.

चिटगुप्प्याच्या आजीचे नातेवाईक उदगीरला कसे, असा प्रश्न दूरच्या श्रोत्याला पडेल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मुंबई राज्याकडे गेला. जहीराबादकडचा भाग आंध्राकडे गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. नकाशावर रेषा ओढली गेली, पण सोयरिका त्या रेषेवर थांबल्या नाहीत. आजही या भागात एक लेक भालकीला तर दुसरी उमरग्याला दिलेली असते. कापडखरेदी सोलापूरला, आणि मोठे दुखणे निघाले तर धाव हैदराबादकडे किंवा सोलापूरकडे. अशा मुलखात सर्वांना एकत्र नेणारी मोटार ही चैन राहत नाही. ती नात्याची गरज होते.

मग बाजारात इतक्या एसयूव्ही असताना घरोघर पाचच जागांच्या का दिसतात? यालाही कारण आहे, आणि ते कराच्या कोष्टकात आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. लहान कोणती? जिची लांबी चार मीटरांच्या आत, आणि जिचे इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० व डिझेलचे असल्यास १,५०० घन सेंटिमीटरांपर्यंत. तेव्हापासून कारखानदारांनी या मापाची शिस्त धरली. २०१६ साली आलेल्या मारुतीच्या व्हिटारा ब्रेझाची लांबी ३,९९५ मिलिमीटर भरते. चार मीटरांना पाच मिलिमीटर कमी. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. त्यांत लहान मोटारींना १८ टक्के आणि मोठ्या मोटारींना ४० टक्के कर ठरला. मोजपट्टी मात्र तीच राहिली.

याउलट २०११ साली आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही-५०० या सात जागांच्या गाडीची लांबी ४,५८५ मिलिमीटर होती. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर पाहिले, तर ब्रेझाचे २,५०० आणि हिचे २,७०० मिलिमीटर. टाटांची सुमो १९९४ साली आली, टोयोटाची क्वालिस २००० साली, महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ साली आणि इनोव्हा २००५ साली. भरल्या घरांना वाहून नेणाऱ्या या गाड्यांनी मराठवाडा आणि सीमाभाग पायाखाली घातला. आज तेवढीच मोठी गाडी नवी कोरी घ्यावयाची तर मध्यम घराचा जीव दडपतो. म्हणून दृष्टी जुन्या गाडीकडे वळते. चिटगुप्प्याच्या थोरल्यानेही २०१२ सालची सात जागांची एक गाडी पाहिली. आपली लहान गाडी विकली तर ती मोठी गाडी घेऊन हाती थोडी रक्कम उरत होती.

हे शक्य होते ते किमतीच्या घसरणीमुळे. विमा उतरवताना मोटारीची किंमत धरण्याचे एक ठरलेले कोष्टक आहे. त्यानुसार दुसऱ्या वर्षात २० टक्के घट धरतात, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के. म्हणजे पाच वर्षांत कागदावरची किंमत निम्मी होते. पुढची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवावयाची. जी गाडी तेरा-चौदा वर्षांची झाली, तिची मोठी घसरण पहिल्या मालकांनी केव्हाच सोसलेली असते. नवी गाडी देऊन जुनी घेणारा थोडक्यात वर्षे देतो आणि जागा घेतो. सौदा वाईट नाही. फक्त आपण काय देत आहोत याचे भान हवे.

घरात पहिली शंका काढली ती धाकट्या सुनेने. रोज अपघाताचे रुग्ण पाहणारी ती, तिने विचारले, "भावजी, जागा दोन वाढतील, पण एअरबॅग कमी झाल्या तर?" प्रश्न मार्मिक होता. २०१८ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने व्हिटारा ब्रेझाची टक्कर-चाचणी घेतली, तेव्हा मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठी तिला पाचपैकी चार तारे मिळाले होते. चालकापुढची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली ती २०१९ साली. त्याआधीच्या मोठ्या गाड्यांत काही श्रेणींना एअरबॅग व एबीएस असत, काहींना नसत. गाडी मोठी दिसते म्हणून ती सुरक्षित असते, हा निव्वळ भ्रम होय. म्हणून घेताना नमुन्याच्या नावावर विसंबू नये. त्याच गाडीत काय आहे ते पाहावे. किल्ली फिरवताच एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. मुळीच लागला नाही, तर कोणीतरी तो बंद करून ठेवला असण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागे बसणाराही तितक्याच वेगाने पुढे फेकला जातो, हे त्या दिवशी अनेकांच्या ध्यानात आले. सात जागांच्या गाडीत सात पट्टे हवेत आणि ते सातही लागले पाहिजेत. काही जुन्या गाड्यांत मागची आसने एकमेकांकडे तोंड करून असतात. कुटुंबासाठी पुढे तोंड असलेली आसनेच बरी.

तिसरी गोष्ट खर्चाची. लहान डिझेल गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते आणि मोठी १२, असे धरू. वर्षाला दहा हजार किलोमीटर प्रवास झाला, तर पहिलीला सुमारे ५५६ लिटर लागतील आणि दुसरीला ८३३. फरक २७७ लिटरांचा. लिटरला नव्वद रुपये धरले, तर वर्षाला जवळजवळ पंचवीस हजार रुपये जास्त. त्याखेरीज मोठे टायर महाग, क्लच महाग, टर्बो बिघडला तर तोही महाग. म्हणून अदलाबदलीत हाती आलेली रक्कम नफा समजून दिवाळीत उडवू नये. ती दुरुस्तीची आगाऊ ठेव होय. ती बँकेत वेगळी ठेवावी.

या मुलखात देवणी जातीचे बैल प्रसिद्ध आहेत. बाजारात बैल घेताना जाणता शेतकरी आधी जबडा उघडून दात पाहतो. आदत आहे, दोनदाती आहे, की जुळलेला आहे, ते त्याला मालकाच्या तोंडून ऐकावे लागत नाही. दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, असे म्हणतात. विकत घेतलेल्याचे मात्र मोजलेच पाहिजेत. मोटारीचेही दात असतात. काट्यावरचा किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. पण झिजलेले पेडलचे रबर आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग खोटे बोलत नाही. टायरवर चार अंक कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. इंजिन रात्रभर थंड असताना सुरू करून पाहावे. निळा धूर आला तर ऑइल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही राहिला तर रेडिएटरचे पाणी आत झिरपत असण्याची भीती. पायाखालचा गालिचा उचलून गंज पाहावा. आणि ज्याचे विक्रेत्याशी काही देणेघेणे नाही, असा मेस्त्री बरोबर न्यावा.

गाडी तपासणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे कागदांचे, आणि सीमेवरच्या लोकांना ते अधिक जपून करावे लागते. बीदरच्या गाडीवर केए-३८ असते, सोलापूरच्या गाडीवर एमएच-१३ आणि लातूरच्या गाडीवर एमएच-२४. पलीकडची गाडी स्वस्त मिळाली म्हणून हुरळून जाऊ नये. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवावयाची गाडी तेथे नव्याने नोंदवावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि कर्नाटकाचा कर वयानुसार भरावा लागतो. जुन्या गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याची नोंद पाहावी. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ सालच्या गाडीची मुदत २०२७ साली भरते. मग तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते; त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे.

आणि जी गाडी आपण दिली, तिचे काय? पैसे हाती आले, किल्ली दिली, की विकणारा निर्धास्त होतो. येथेच मोठा धोका आहे. नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केले. त्या गाडीचे हात अनेकदा बदलले होते, पण नाव पहिल्याचेच राहिले होते. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. म्हणून विकणाऱ्याने नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. विम्यातील नो क्लेम बोनस हा गाडीचा नसून माणसाचा असतो. तो मागून घेऊन आपल्या दुसऱ्या गाडीला लावता येतो. पुष्कळांना हे ठाऊक नसल्याने तो वाया जातो.

चिटगुप्प्याच्या घराने ही सारी खटपट केली. पहिली गाडी मेस्त्रीने नापसंत केली, दुसरीच्या कागदांवर बोजा निघाला, तिसरी उतरली. दोन महिने लागले. शेजाऱ्यांनी हसायचे तेवढे हसून घेतले. गाडी उंच, म्हणून आजीसाठी एक लाकडी पाट गाडीत कायमचा ठेवला. मुले मागच्या ओळीत, आजी मधल्या ओळीत खिडकीशी, असे ठरले. आणि सातही पट्टे लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे धाकट्या सुनेने ठरवले.

उदगीरच्या लग्नाची सकाळ उजाडली. सामान चढले, मुले चढली, पाटावर पाय ठेवून आजी चढली. गाडी सुरू करून थोरल्याने मागे पाहिले आणि तो एकदम खाली उतरला. दार नुसते लोटलेले होते. घराला कुलूप लावायचे राहिले होते. आणि कुलूप कोठे आहे, ते कोणालाच आठवेना. घरात नेहमी कोणीतरी असे, म्हणून वर्षानुवर्षे ते लागलेच नव्हते.

"देवळीत बघ, दिव्याच्या मागं," आजी खिडकीतून म्हणाली. "किल्लीबी तिथंच हाय."