कोरोनाग्रस्तांतील पक्षाघात : प्रतिबंध व उपचार

(अंधेरी येथे शिक्षक, शासकीय अधिकारी व बाहेरगावाहून आलेले पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



कोरोनाविषयी बोलावयास कोणी उभे राहिले की ‘ती गोष्ट आता संपली’ असे श्रोत्यांच्या मनात येते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी समाप्त झाल्याचे घोषित केले, हे खरे. परंतु विषाणू आपल्यातून गेलेला नाही, आणि त्या दिवसांत जे शिकावयास मिळाले ते विसरण्याजोगे नाही. आज त्यातील एकाच गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. ती म्हणजे पक्षाघात. आपल्या खेड्यांत यालाच ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात.

मार्च २०२० मध्ये हा रोग मुंबईत आला तेव्हा आपण त्याला फुप्फुसांचा रोग म्हणून ओळखले. ताप, खोकला व धाप ही त्याची लक्षणे मुलाबाळांनाही पाठ झाली. एप्रिलच्या अखेरीस न्यू यॉर्क येथील डॉक्टरांनी एक छोटासा अहवाल प्रसिद्ध केला. अवघ्या दोन आठवड्यांत त्यांच्याकडे पन्नाशीच्या आतील पाच कोरोनाबाधित रुग्ण आले होते व पाचही जणांच्या मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. त्यांतील ३३ वर्षांच्या एका स्त्रीची वाचा अडखळू लागली होती, डावा हात व पाय लुळा पडत चालला होता. आणि तरीही रुग्णालयात गेल्यास कोरोना होईल या भीतीने ती २८ तास घरीच थांबली होती.

याची तुलना आपल्या शहराशी करून पाहावी. डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये मुंबईतील दीड लाखाहून अधिक वस्तीची पाहणी केली होती. त्यात पहिल्यांदाच पक्षाघात झालेल्यांचे सरासरी वय ६६ होते, आणि दर शंभरांतील सुमारे तीस रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले होते. म्हणजे एरवी हा उतारवयाचा व घातक विकार. कोरोनाने त्यात काही तरुणांनाही ओढले. रुग्णालयात दाखल झालेल्या कोरोनाग्रस्तांपैकी साधारणपणे शेकडा एक ते दोघांना पक्षाघात झाल्याचे निरनिराळ्या देशांत आढळले. त्यांतील बहुसंख्य अर्थातच वयस्क, रक्तदाबाचे वा मधुमेहाचे रुग्ण व आजार बळावलेले होते. प्रमाण लहान वाटेल, पण बाधितांची संख्या लाखांत गेली की एक-दोन टक्क्यांचाही अर्थ बदलतो.

असे का घडते? या संसर्गात रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तराचा दाह होतो आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते. ताप व अन्नपाण्यावाचून शरीरातील पाणी घटते, प्राणवायू कमी पडतो, हृदयाची लय बिघडू शकते. या साऱ्यातून एखादी गुठळी मेंदूकडे जाते. धोका संसर्गानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो.

आता उपनगरांकडे येऊ. एप्रिल-मे २०२० मध्ये लोकलगाड्या बंद होत्या आणि पूर्व द्रुतगती महामार्ग रिकामा होता. मुलुंडहून घाटकोपरला किंवा बोरिवलीहून अंधेरीला रुग्णवाहिकेने एवढ्या थोड्या वेळात पोहोचणे एरवी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. उशीर होण्याची भीती रस्त्यावर नव्हती, ती घरात होती. रुग्ण एका खोलीत एकटा, दाराशी ताट ठेवले जाई, तोंडावर मुखपट्टी. तोंड एका बाजूला वाकडे झाले, तर ते पाहणार कोण? बोबडी वळली तर ऐकणार कोण? घाटकोपरच्या असल्फा भागातील टेकडीवरच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जेथे विलगीकरण नावापुरतेच शक्य, तेथे एका अर्थी माणसांची नजर तरी रुग्णावर होती. पण तेथून पायऱ्या उतरवून त्याला खाली आणणे ही वेगळीच परीक्षा. विलगीकरण आवश्यक होते, याविषयी शंका नको. परंतु त्याने रुग्णावरची नजर काढून घेतली, आणि पक्षाघातात पहिले निदान डॉक्टर करीत नाही, घरचे माणूस करते.

म्हणून माझे सांगणे असे की, विलगीकरणातील रुग्णाशी दिवसातून चार-सहा वेळा बोलावे. दाराबाहेरून वा दूरध्वनीवरून चालेल, पण बोलावे. क्षणभर मुखपट्टी काढून हसावयास सांगावे. दोन्ही हात समोर उचलून धरावयास सांगावे. एखादे सोपे वाक्य म्हणवून घ्यावे. तोंड वाकडे होणे, हात खाली घसरणे, जीभ जड होणे, एकाएकी दिसेनासे होणे किंवा झोक जाणे, यांपैकी एक जरी आढळले तरी ‘तापाचा अशक्तपणा आहे, सकाळी पाहू’ असे म्हणू नये. पक्षाघातात दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात.

उपचाराचे गणित घड्याळावर चालते. गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून द्यावयाचे, तर ते पहिल्या साडेचार तासांतच. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी जांघेतून नळी घालून काढता येते. ते सहा तासांपर्यंत, व निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही शक्य असते. त्याआधी सी. टी. स्कॅन अपरिहार्य आहे, कारण मेंदूत रक्तस्राव झालेला असल्यास हेच औषध जीवघेणे ठरेल. म्हणूनच घरी ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. पाणीसुद्धा पाजू नये, कारण गिळण्याची शक्ती गेलेली असते व पाणी आधीच आजारी असलेल्या फुप्फुसांत उतरते. रुग्णाला कुशीवर झोपवावे, १०८ क्रमांकावर कळवावे आणि तो शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहून बरोबर न्यावी. ही चिठ्ठी अनेकदा सर्व जुन्या अहवालांहून मोलाची ठरते. कोरोनाच्या चाचणीच्या निष्कर्षासाठी हे उपचार थांबविण्याचे कारण नाही. डॉक्टर संरक्षक पोशाख घालून, रुग्ण बाधित आहे असे धरून काम करतात. जवळचे रुग्णालय नेहमीच सोयीचे असते असेही नाही, सी. टी. स्कॅन रात्रंदिवस कोठे होते, हे आपल्या वॉर्डात आजच विचारून ठेवावे.

प्रतिबंधाबाबत त्या काळी एक गैरसमज फार पसरला होता, तो म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सर्वांनीच घ्याव्यात हा. ब्रिटनमध्ये सुमारे १५ हजार रुग्णालयीन रुग्णांवर ॲस्पिरिनची चाचणी झाली. मृत्यू कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र किंचित वाढला. रुग्णालयात दाखल झालेल्यांना हेपारिनची मात्रा डॉक्टर रुग्ण पाहून ठरवितात; तेथेही अत्यवस्थ रुग्णांना मोठ्या मात्रेचा लाभ दिसला नाही. घरच्या रुग्णासाठी साधे उपाय आहेत. भरपूर पाणी, खोलीतल्या खोलीत हालचाल, आणि रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या चालू गोळ्यांत खंड न पडू देणे. हृदयविकारासाठी आधीपासून दिलेली औषधेही आपल्या मनाने बंद करू नयेत. प्राणवायूची गरज असलेल्यांना स्टेरॉइड जीवदान देते, पण रक्तातील साखर चढविते. २०२१ मध्ये महाराष्ट्राने काळ्या बुरशीचा जो प्रकोप पाहिला, त्यातील काहींना बुरशी मेंदूच्या रक्तवाहिनीत शिरल्यामुळे पक्षाघात झाला. तेव्हा साखर तपासत राहणे हादेखील प्रतिबंधच होय. लसीकरणाने आजाराची तीव्रता घटते, हे वेगळे सांगावयास नको.

येथे कोकणातून आलेले पंचायत सदस्य आहेत. मे २०२० मध्ये मुंबईचे चाकरमानी गावी परतले तेव्हा शाळांच्या खोल्यांतच त्यांच्या विलगीकरणाची व्यवस्था करावी लागली होती. पुढे १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी ताप, प्राणवायू व जुने विकार यांची नोंद झाली. अशी वेळ पुन्हा आल्यास त्याच नोंदवहीत आणखी दोन रकाने आखावेत : रक्तदाबाची गोळी आज घेतली काय, आणि बोलणे स्पष्ट आहे काय. इन्फ्लुएंझासारख्या इतर संसर्गांनंतरही पक्षाघाताचा धोका काही काळ वाढतो. त्यामुळे हे रकाने केवळ कोरोनापुरते नाहीत.

जो रुग्ण वाचतो, त्याच्या हातापायांचे व्यायाम प्रकृती स्थिर होताच सुरू व्हावयास हवेत. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वाधिक होते. विलगीकरणाच्या धास्तीने व्यायामतज्ज्ञ आला नाही तर घरच्यांनी त्याच्याकडून दूरध्वनीवरील चित्रसंभाषणाद्वारे ते शिकून घ्यावेत, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या रुग्ण चालू लागला म्हणून बंद करू नयेत.