घरांचे भाव उतरत नाहीत, थांबतात

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



घरांचे भाव उतरतील का, हा प्रश्न मुंबई-ठाण्याच्या माणसाला पावसाइतकाच नेहमीचा आहे. लग्नात निघतो, मय्यतीहून परतताना निघतो, लोकलच्या दारात तर रोजच निघतो. तुम्ही म्हणाल, हा कवी माणूस, याला भावांतलं काय कळणार? पण कवितेवर चूल पेटत नाही. बी. ए. झाल्यावर मी एका पतपेढीत चिकटलो आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. घरासाठी माणसं काय काय गहाण टाकतात, ते त्या टेबलावरून दिसतं. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

भाव पूर्वी कधी उतरले होते का? उतरले होते. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, परदेशी कंपन्यांना कचेऱ्या हव्या झाल्या. नरिमन पॉइंटचे दर जगातल्या महागड्या शहरांच्या पंक्तीला जाऊन बसले आणि त्यांच्या मागोमाग घरंही चढली. १९९५ च्या सुमारास हे सगळं टोकाला गेलं. मग गिऱ्हाईक आटलं आणि पुढची काही वर्षं भाव खरोखर, म्हणजे आकड्यानं, खाली आले. त्या काळात गृहकर्जाचं व्याज पंधरा-सोळा टक्क्यांच्या घरात होतं. २००३-०४ पर्यंत ते सात-आठ टक्क्यांवर आलं, तसे भाव पुन्हा वर निघाले.

त्यानंतर अशी संधी आली आली म्हणताना निसटली. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स कोसळली, तेव्हा मुंबईतही भाव घसरले. लोक म्हणाले, आणखी उतरू द्या, मग घेऊ. वर्ष-दीड वर्षात भाव होते तिथं परत आले. २०१६ ची नोटाबंदी झाली, तेव्हाही हेच बोलणं. २०१७ मध्ये रेरा कायदा आणि जीएसटी आला, २०१८ मध्ये आयएल अँड एफएस बुडीत निघाल्यावर बिल्डरांचा पैसा आटला, २०२० मध्ये करोना आला. दर वेळी 'आता पडणार' असं वाटलं आणि दर वेळी फळ्यावरचा आकडा जवळपास तिथंच राहिला.

मुद्दा हा की, आकडा तिथंच राहिला म्हणजे भाव उतरला नाही, असं नव्हे. साधा हिशेब करू. २०१४ च्या सुमाराला एक घर १ कोटीला होतं आणि सात वर्षांनी ते १ कोटीलाच मिळत होतं. मधल्या काळात महागाई दरसाल ५ टक्के धरली, तर त्या १ कोटीची किंमत जुन्या पैशांत ७१ लाख होते. म्हणजे घर २९ लाखांनी स्वस्त झालं, पण कुणाला दिसलं नाही. मुंबईत त्या वर्षांत थोड्याफार फरकानं हेच घडलं. ज्यांचे पगार महागाईबरोबर वाढले त्यांच्या आवाक्यात घर थोडं जवळ आलं. ज्यांचे वाढले नाहीत, त्यांना ते होतं तेवढंच लांब राहिलं. आपल्याकडे भाव उतरतो तो असा, जागच्या जागी उभा राहून.

आता हा आकडा पडत का नाही? कारण त्याला धरून ठेवणारे पुष्कळ आहेत. पहिला बिल्डर. त्यानं वरच्या मजल्याचा दर कमी केला, की खालच्या मजल्यावर आधी पैसे भरलेले लोक दारात उभे राहतात. शिवाय त्याच इमारतीवर त्यानं कर्ज उचललेलं असतं. दर पडला की तारणाची किंमत पडते. म्हणून तो काम थांबवील, पण दर उतरवणार नाही. दुसरा गुंतवणूकदार. २०११ च्या जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांवर घरं रिकामी निघाली. एकीकडे चाळीस टक्क्यांवर लोक झोपडपट्टीत आणि दुसरीकडे एवढी कुलपं! कुलूप लावून बसलेल्याला घाई नसते.

तिसरं सरकार. रेडी रेकनरचा दर ठरलेला असतो. तुम्ही त्याच्या खाली सौदा केला, तरी मुद्रांक शुल्क रेकनरच्या किमतीवरच भरावं लागतं. आणि सौदा दहा टक्क्यांहून जास्त खाली गेला, तर मधला फरक विकणारा आणि घेणारा, दोघांच्याही आयकरात मोजला जातो. म्हणजे स्वस्तात विकायलाही दंड. याशिवाय जास्तीच्या बांधकामासाठी बिल्डर जे प्रीमियम भरतो, ते पालिकेचं आणि सरकारचं उत्पन्न. एफएसआयला सरकारी मराठीत चटईक्षेत्र म्हणतात. शब्द मला फार आवडतो. चटई अंथरण्यापुरती जागा, आणि तीही मोजून विकत घ्यायची!

आयर्लंडमध्ये २००७ नंतरच्या पाच-सहा वर्षांत भाव जवळजवळ निम्म्यावर आले. अमेरिकेतही पाव हिश्शाच्या वर घसरले. तिथल्या बँकांनी ऐपत न बघता कर्जं वाटली होती. हप्ते थकले, घरं जप्त झाली आणि ती मिळेल त्या भावात विकणं भाग पडलं. भाव पडायला असं भाग पडावं लागतं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ७५ लाखांवरच्या कर्जात घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात. उरलेले स्वतःचे, बायकोच्या दागिन्यांचे, गावच्या जमिनीचे. माझ्या टेबलावर थकबाकीदार पुष्कळ आले. टीव्ही विकलेले पाहिले, रिक्षा विकलेले पाहिले. घराची चावी आपण होऊन आणून ठेवणारा क्वचितच भेटला.

मग सूट मिळतच नाही का? मिळते, पण दाराआडून. मुद्रांक शुल्क आम्ही भरू, पार्किंगचे घेणार नाही, मजल्याप्रमाणे वाढणारा दर माफ, वर मॉड्युलर किचन. छापील दर तोच. आणि दुसरी युक्ती अशी की, दर तोच ठेवून घरच लहान करायचं. दिवाणखान्याची भिंत एक फूट पुढे येते, गॅलरी गायब होते आणि 'परवडणारं घर' तयार होतं. २०२० मध्ये सरकारनंही हेच केलं. मुंबईतलं मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबरसाठी ५ वरून २ टक्क्यांवर आणलं. डिसेंबरात नोंदणी कार्यालयांपुढे रांगा लागल्या. भाव न उतरवता गिऱ्हाईक आलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत दर वर गेले ते गेलेच.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा तिशीत आहे, ठाण्यात नोकरी करतो, भाड्यानं राहतो. गेली चार वर्षं विचारतोय, "मामू, थांबू का घेऊ?" आपाला व्याज देणं-घेणं मंजूर नाही. तिनं भिशी लावून, पै-पै जोडून त्याच्यासाठी पैसे साठवले. पण भिशीचा पैसा वाढत नाही, आणि घराचा भाव भिशीसाठी थांबत नाही. कर्ज न काढता रोखीनं घर घ्यायचं म्हणणाऱ्या माणसाला चढते भाव सगळ्यांत जास्त लागतात. तो जितका जवळ जातो तितकं घर पुढे सरकतं. आपाच्या श्रद्धेशी मी वाद घालत नाही. माझ्यापेक्षा तिचं मन स्वच्छ आहे. पण कर्ज काढणं न काढणं भाच्यानं स्वतः ठरवावं, असं मी तिला सांगितलं आहे.

दुसरी अडचण अशी की, आमच्या नावाला बाजारच लहान आहे. भाचा दलालाला फोन करतो, घर असतं. नाव सांगतो, घर 'आत्ताच गेलेलं' असतं. सगळीकडे असं होत नाही, चांगली माणसंही भेटतात. पण होतं. १९९३ नंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबं मुंब्र्यात आली ती याचमुळे. मीही तिथलाच. जिथं माणसांना मोजक्याच वस्त्यांत घर मिळतं, तिथं भाव आणखी कशाला उतरतील? आणि उतरले तर कशामुळे उतरले, ते बघावं लागतं.

हे मात्र जरा थांबून सांगतो. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसं गेली. तिथं माणसं राहायला आली होती, कारण जागा स्वस्त होती. आमच्याकडे आजही कमी भावाचं घर दाखवायला नेतात, तेव्हा भाव का कमी आहे ते कुणी सांगत नाही. भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते नसतं. बँक कर्ज देत नाही, म्हणून विकणारा रोख मागतो, आणि आपासारखी रोखीनं घेणारी माणसं नेमकी तिथंच पोचतात. पतपेढीत असताना असे कागद मी परत पाठवायचो. लोक शिव्या द्यायचे. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले होते, "साहेब, ओसीवाल्या घरात राहायची आमची ऐपत असती, तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कर्जही नव्हतं.

तर भाव उतरतील का? माझ्या मते आयर्लंडसारखे कोसळणार नाहीत. २०२१ नंतर ते खूप चढले आहेत, पगार तेवढे चढलेले नाहीत, तेव्हा पुन्हा काही वर्षं थांबण्याची शक्यता मला जास्त दिसते. विमानतळ आणि मेट्रोच्या नावावर जिथं फक्त गुंतवणूकदारांनी घरं घेतली आहेत, तिथं पुन्हा विक्रीची घरं आधी सैल होतील. नव्या इमारतीचा दर शेवटपर्यंत ताठ राहील. व्याज घटल्यानं फार हुरळू नये. ५० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता ९ टक्क्यांनी ४५ हजार येतो, ८ टक्क्यांनी ४१,८००. वाचतात तीन हजार. आणि व्याज उतरलं की विकणारा तेवढाच दर वाढवतो, हे मी २००४ मध्ये पाहिलं आहे.

भाच्याला मी सांगितलं, दराची वाट बघू नकोस, हप्ता आणि भाडं शेजारी-शेजारी लिही. त्याचं भाडं महिना १८ हजार आहे. त्याला हवं तसं घर घ्यायचं, तर आपाचे पैसे घालूनही हप्ता ३१ हजार बसतो. मधले १३ हजार दर महिन्याला बाजूला पडत असतील, तर भाड्यानं राहण्यात काही लाज नाही. ते खर्च होत असतील, तर घर घेतलेलं बरं. सहा महिने त्यानं खरंच वही ठेवली. चार महिने १३ हजार उरले, दोन महिने नाही. एक ईदचा आणि एक आपाच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा. त्याचा अकरा महिन्यांचा करार येत्या जूनमध्ये संपतो. तोवर त्यानं पुन्हा विक्रीची तीन घरं पाहून ठेवली आहेत. दोघांना ओसी आहे. तिसरं सहा लाखांनी स्वस्त आहे, आणि आपाला तेच आवडलं आहे.