समुद्रात वाट कुठून काढायची?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

अंधेरी स्टेशनावरून वर्सोव्याकडे जाणारा रस्ता जिथे संपतो, तिथे कोळीवाड्यापाशी ओहोटीच्या वेळी जरा उभे राहून पाहा. काही बोटी चिखलात कलंडलेल्या दिसतील. समुद्रातून परतलेल्या काही बोटी खाडीच्या तोंडाशी पाणी चढण्याची वाट पाहत असतील. समोर मढ, अगदी हाकेच्या अंतरावर. पण खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला असतो, म्हणून तांडेल सरळ रेषेत बोट घालत नाही. पाणी जिथून खोल, तिथून तो वळसा घेतो. गाळ उपसावा ही तिथल्या मच्छीमारांची मागणी जुनी आहे, आणि एकदा उपसला म्हणून काम संपत नाही, हेही त्यांना पक्के ठाऊक आहे.

ज्या कालव्याविषयी मी आज बोलणार आहे, तो वर्सोव्यापासून फार दूर दक्षिणेला आहे. पण त्याचे दुखणे हेच, फक्त शेकडो कोटींच्या हिशेबातले. तो म्हणजे सेतुसमुद्रम.

मुंबईहून चेन्नईला किंवा कोलकात्याला निघालेले जहाज कन्याकुमारी ओलांडल्यावर किनाऱ्याकिनाऱ्याने वर जात नाही. ते श्रीलंकेला पूर्ण वळसा घालते. भारत आणि श्रीलंका यांच्यामधला समुद्र उथळ आहे. धनुष्कोडीपासून तलाईमन्नारपर्यंत वाळूच्या दांड्यांची आणि बेटांची रांग आहे. आपण तिला रामसेतू म्हणतो, इंग्रजांच्या नकाशांवर तिला आदम्स ब्रिज म्हटले आहे. तिथे काही ठिकाणी पाणी पुरुषभरही खोल नाही.

ही रांग ओलांडून जहाजांना वाट करून द्यावी, ही कल्पना १८६० मध्ये इंडियन मरीनमधल्या कमांडर टेलर यांनी मांडली. त्यानंतर एकामागून एक योजना आल्या. कालवा हवा याबद्दल फारसे दुमत नव्हते. भांडण होते ते कुठून न्यायचा यावर. मंडपमजवळ जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून नेला तर दोन्ही काठ पक्के राहतात, पण जमीन घ्यावी लागते. रामेश्वरच्या बेटातून नेला तर ते तीर्थक्षेत्र दुभंगते. समुद्रातल्या रांगेतूनच नेला तर कोणाचे घर जात नाही, मात्र वाळू एका जागी थांबत नाही. दोन मोसमी वाऱ्यांबरोबर तिथले प्रवाह दिशा बदलतात. एका हंगामात इकडची वाळू तिकडे, दुसऱ्यात तिकडची इकडे. केंद्र सरकारने १९५५ मध्ये रामस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने हे सगळे पाहून जमिनीतून कालवा खणावा, रांग कापण्याचा विचार सोडून द्यावा, असे सुचवले.

मग पन्नास वर्षांनी रांगेतूनच जाणारा मार्ग कसा ठरला?

पर्यावरणाचा अभ्यास आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने केला. नकाशा समोर ठेवला की त्यांची अडचण कळते. पश्चिमेला मन्नारच्या आखाताचे सागरी राष्ट्रीय उद्यान, त्यातली एकवीस बेटे, त्यांच्याभोवतीचे प्रवाळ. त्यांच्यापासून दूर राहायचे तर पूर्वेला सरकावे लागते. पूर्वेला १९७४ च्या करारात ठरलेली श्रीलंकेची सागरी हद्द. म्हणजे उद्यान आणि हद्द यांच्यामध्ये उरलेल्या फटीतून रेघ ओढायची, आणि ती रेघ रामसेतूवरूनच जाते. १६७ किलोमीटर लांब, ३०० मीटर रुंद आणि १२ मीटर खोल मार्ग, खर्च सुमारे २,४२७ कोटी. २ जुलै २००५ रोजी मदुराईत पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. मध्यंतरी २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी येऊन गेली होती. नव्या खोल वाटेने अशा लाटा केरळच्या किनाऱ्याकडे वळतील का, हा प्रश्न त्सुनामीतज्ज्ञ टॅड मूर्ती यांनी उपस्थित केला.

फायदा सांगितला गेला तो असा : ४२४ सागरी मैलांपर्यंत अंतर आणि तीस तासांपर्यंत वेळ वाचेल. हा आकडा तुतिकोरिनहून चेन्नईला जाणाऱ्या जहाजाला लागू पडतो. पण युरोपातून किंवा आफ्रिकेतून कोलकात्याला जाणारे जहाज मुळात तुतिकोरिनच्या दारात येतच नाही. त्याची बचत किती कमी होते, हे जेकब जॉन यांनी २००७ मध्ये मुंबईतून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मांडले. कालव्यात वेग कमी करावा लागणार, पायलट घ्यावा लागणार, वर शुल्क. वाचलेले तास त्यातच खर्ची पडायचे. शिवाय बारा मीटर खोलीत सुमारे तीस हजार टनी जहाजे जाणार. इकडे न्हावा-शेव्याचा मार्ग पुढे पाण्यात पंधरा मीटर बुडणाऱ्या जहाजांसाठी खोल केला गेला.

सुएझशी तुलना करण्याची आपल्याला हौस आहे. पण १८६९ मध्ये सुएझ खुला झाला तेव्हा मुंबई ते लंडन हे अंतर चाळीस टक्क्यांच्या आसपास घटले. तिथे हिशेब तासांचा नव्हता, आठवड्यांचा होता.

२००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रामसेतूला इजा होऊ देऊ नये असा अंतरिम आदेश दिला आणि वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने सेतू कोणी बांधला यावर खर्च झाले. श्रद्धेचा प्रश्न खराच होता, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. माझी तक्रार एवढीच, की त्या गदारोळात वाळूचा प्रश्न कोणी विचारला नाही. दरवर्षी गाळ कोण उपसणार, त्याचे पैसे कोण देणार, आणि उपसलेला गाळ टाकला जाईल त्या पाण्यात जाळी टाकणाऱ्या रामनाथपुरमच्या मच्छीमाराने कुठे जायचे? समुद्रातून रेघ नेल्याने कोणाचे घर जात नाही, असे मीही मघाशी म्हणालो. या मच्छीमाराचे घर जात नाही, शेत जाते. फक्त त्याच्या शेताचा सातबारा नसतो.

२००८ मध्ये राजेंद्र पचौरी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यायी मार्गासाठी समिती बसली. सेतू टाळून धनुष्कोडीच्या बाजूने जाणारा ‘चार-अ’ नावाचा मार्ग तिने तपासला. तोही तिला पर्यावरण आणि पैसा या दोन्ही दृष्टींनी परवडणारा वाटला नाही. २०१८ मध्ये केंद्राने सेतूला धक्का न लावता पर्याय शोधू, असे न्यायालयात सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडू विधानसभेने प्रकल्प पुन्हा सुरू करावा असा ठराव केला.

रामेश्वरला जाणाऱ्यांनी पांबनचा रेल्वेपूल पाहिलाच असेल. १९१४ चा जुना पूल जहाजासाठी मधोमध दुभंगून वर उचलला जाई. एप्रिल २०२५ मध्ये त्याच्याशेजारी नवा पूल सुरू झाला, त्याचा मधला भाग आता सरळ वर जातो. पूल वर गेला की खालून मच्छीमार बोटी आणि लहान जहाजे जातात. मोठी जहाजे अजून श्रीलंकेला वळसा घालूनच जातात.