हाडं मोजून घ्या

(उरणच्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



हा प्लॅस्टिकचा सांगाडा आपण वर्गणी काढून आणलाय. अलिबागला २०२१ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथं आपली पोरं दिसली पाहिजेत, म्हणून.

प्लॅस्टिकच्या आधी काय होतं? खरी माणसं. कलकत्त्याहून हजारो सांगाडे जगभरच्या कॉलेजांत जायचे. १९८५ साली सरकारनं ती निर्यात बंद केली. ज्याच्या सरणाला लाकूड नाही, ज्याच्या मढ्याला वारस नाही, त्याची ती हाडं. साफ कोण करायचं? डोम. साफ करणारा अस्पृश्य अन् तीच हाडं धरून शिकणारा डॉक्टरसाहेब!

आपल्या बापजाद्यांचं तेच. ढोरं ओढली, सोलली, सांधा न् सांधा हाताला ठाऊक. पदरात पडला विटाळ. १९२७ साली महाडात बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. ते सुटलं. आता हाड हातात घ्यायचं ते शिकण्यासाठी.

मोजा. मोठ्या माणसाची हाडं २०६. पुरुषसूक्त म्हणतं, शूद्र पायातून जन्मला. आपण तर त्या देहातसुद्धा नाही, गावकुसाबाहेर! त्या दोन पावलांत हाडं ५२. दोन हातांत, मनगटासकट, ५४. झाली १०६, निम्म्याहून जास्त. आणि ब्राह्मण ज्या तोंडातून आला म्हणतात, ते तोंड अन् कवटी मिळून फक्त २२.

पण हा सांगाडा एक गोष्ट लपवतो. त्याचा कणा बघा, कसा गुळगुळीत. हाड जिवंत असतं, ओझ्याप्रमाणे घडतं. वर्षानुवर्षं ओझं वाहणाऱ्याच्या मणक्यांच्या कडांना काटे फुटतात, मधली गादी झिजते. मी गोदीत कंटेनर बांधतो. लोखंडी सळई डोक्याच्या वर उचलून अडकवायची, पाळीभर. माझ्यासोबतच्या चाळिशीतल्या गड्याचा एक्सरे काढला. कागदावर लिहिलं, ‘वयामुळे’. चाळिशीत कसलं आलंय वय? कामामुळे लिहिलं तर भरपाई मागता येते. वयामुळे लिहिलं की मालक सुटला.

तो एक्सरे वाचणारा, कागदावर खरं लिहिणारा माणूस आपल्यातला हवा. नर्स होऊ दे, टेक्निशियन होऊ दे, डॉक्टर होऊ दे.

तर उठा. पोरींनो, तुम्ही आधी या. एकेक हाड हातात घ्या, त्याचं नाव मोठ्यानं म्हणा. चुकलं तर परत म्हणा.

जयभीम!