पान्हा आणि हजेरीचे घड्याळ

(वाशी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर वाचून काही जणांच्या चेहऱ्यावर जो संकोच उमटला तो माझ्या नजरेतून सुटलेला नाही. महागाई, बेकारी, कंत्राटी कामगार हे प्रश्न समोर असताना अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने बाळंतिणीच्या दुधावर का बोलावे, असा तो संकोच आहे. परंतु श्रम आणि वेळ यांची वाटणी कोण ठरवतो, हाच अर्थशास्त्रातील मूळ प्रश्न नव्हे काय? तान्हे मूल घरी ठेवून कामावर जाणाऱ्या स्त्रीच्या दिवसात हा प्रश्न जितका उघडा पडतो तितका तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात पडत नाही.

आपल्याच शहरातला एक दिवस घेऊ. पनवेलहून लोकलने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जायला सुमारे ऐंशी मिनिटे लागतात. घरापासून स्थानक, स्थानकापासून कचेरी धरली तर जाण्यायेण्याचे साडेतीन तास सहज होतात. त्यात कामाचे नऊ तास मिळवा. म्हणजे आई साडेबारा तास घराबाहेर. ऐरोली, महापे, तुर्भे येथे जाणाऱ्या स्त्रीचे दीड-दोन तास वाचत असतील, इतकेच. एक ते सहा महिन्यांचे मूल दिवसाकाठी साधारणपणे ७५० मिलिलिटर दूध पिते; आई नसताना त्याला त्यातले निम्मे, म्हणजे ३५० ते ४०० मिलिलिटर लागणार. हे दूध कोठून यायचे? एक तर डब्यातून, नाही तर आईने आधी काढून ठेवलेल्या साठ्यातून. दुसरा मार्ग धरायचा तर अंगावर पाजणे आणि हाताने किंवा पंपाने दूध काढणे, या दोन्ही गोष्टी एकाच दिवसात बसवाव्या लागतात.

शरीराच्या दृष्टीने हे साधते, हे प्रथमच सांगितले पाहिजे, कारण नोकरी लागली की दूध तुटणारच अशी समजूत आपल्या घराघरांत पक्की बसलेली आहे. दूध हे हौदात साठवलेल्या पाण्यासारखे नसते. जितके काढले जाते तितके ते नव्याने तयार होते. साचून राहिले की शरीर उत्पादन कमी करते. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन रात्री अधिक स्रवते, म्हणून कामावर जाणाऱ्या आईने रात्रीचे पाजणे सोडू नये. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे, आणि हे द्रव्य भीतीला व घाईला फार लवकर दाद देते. गोठ्यात राबलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. गाय बुजली की पान्हा चोरते आणि वासराला आधी लावावे लागते, हे तो जाणतो. गाईच्या बाबतीत जे ज्ञान आपण पिढ्यान् पिढ्या सांभाळले, ते कचेरीतल्या बाईच्या बाबतीत मात्र आपल्या व्यवस्थापकांना ठाऊक नसते. दारावर थाप पडत असताना, पंधरा मिनिटांनी जागेवर हजर व्हायचे आहे हे मनात ठेवून पंप लावला, तर त्यात थोडेच दूध येते. मग ती बिचारी समजते की आपले दूध आटले. पंपात किती आले यावरून अंगात किती आहे हे ठरत नाही. मूल पंपापेक्षा चांगले ओढते. मुलाचे वजन वाढते आहे ना, दिवसातून सहा-सात वेळा तरी लघवी होते आहे ना, हे पाहावे.

तुमच्यापैकी अनेक जणी वस्त्यांतून फिरतात, म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी येथेच सांगते. पहिले तीन-चार आठवडे, दूध बसेपर्यंत, शक्यतो अंगावरच पाजावे. रजा संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून दिवसातून एकदा दूध काढावयास लागावे. बहुतेकींना ते सकाळी अधिक येते. ते घरातल्या दुसऱ्या कोणी वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजून पाहावे. बाटलीवाचून चालते, आणि बोंडले काय किंवा बाटली काय, उकळून घेतल्याशिवाय वापरू नये. कामावर निघण्यापूर्वी पाजावे, कामाच्या ठिकाणी दर तीन तासांनी काढावे, घरी परतताच पुन्हा अंगावर घ्यावे, सुटीच्या दिवशी पंप बाजूला ठेवावा. काढलेले दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या हवेत चार तास टिकते, शीतकपाटात चार दिवस. परंतु आपल्याकडचा मे महिना पंचवीस अंशांचा नसतो; म्हणून येथे ते ताबडतोब थंडाव्यात गेले पाहिजे, आणि परतीच्या प्रवासात बर्फाच्या पिशव्या असलेल्या पेटीत. दूध कोमट करायचे ते भांडे गरम पाण्यात ठेवून, आणि एकदा कोमट केलेले दोन तासांत संपवावे.

येथे कोणी म्हणेल की हे सारे वातानुकूलित कचेऱ्यांतल्या बायकांचे चोचले आहेत. काही शे रुपयांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंतची ही यंत्रे आपल्या वर्गाच्या स्त्रीला कशाची परवडणार? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. दूध हातानेही काढता येते आणि त्याला दमडी पडत नाही: हात स्वच्छ धुवावेत, अंगठा आणि बोटे काळसर वर्तुळाच्या थोडी मागे ठेवावीत, आधी छातीकडे दाबावे व मग हलकेच पिळावे. शिवाय काढलेले दूध ही मुळी श्रीमंतांची कल्पना नव्हे. आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, धारावीच्या उंबरठ्यावर, उभी केली. अपुऱ्या दिवसांच्या, ओढण्याचे बळ नसलेल्या अर्भकांसाठी गरीब बायकांनी आपले दूध काढून दिले. तेव्हा प्रश्न यंत्राच्या किमतीवर थांबत नाही. नेरूळला सकाळी सात वाजल्यापासून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला दूध काढायला पंधरा मिनिटे, एक कोपरा आणि ते ठेवायला मालकिणीच्या फ्रिजचा एक कप्पा मिळतो का, हे विचारावे लागते.

मी स्वतः १९९० साली नव्वद दिवसांची रजा संपवून कामावर रुजू झाले. तेव्हा वाशीला रेल्वे आलेली नव्हती. खाडीपुलावरून बसने जावे लागे. दुपारपर्यंत छाती दगडासारखी होई. मी शिकवीत होते त्या महाविद्यालयात दार लावता येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे प्रसाधनगृह. तेथे मी दूध काढून मोरीत सोडून देई, आणि तासाला पाच मिनिटे उशीर झाला की हजेरीपटावर लाल खूण उमटे. पंप तेव्हा माझ्या पाहण्यातही नव्हता. आज माझ्या विद्यार्थिनींच्या मुली मला सांगतात की पंप आहे, जागा मात्र तीच आहे.

आता कायद्याकडे वळू. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने तिसऱ्या कराराने स्तनदा कामगार स्त्रीला दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास देऊ केला होता. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला. त्याच्या विधेयकावर जुलै १९२८ मध्ये कायदे कौन्सिलात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो मुद्दा मांडला तो आजही कोणी पुढे नेलेला नाही. मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे, तेव्हा तिचा बराचसा भार सरकारने उचलणे योग्य. मात्र तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून मोकळे सोडता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. आपण पुढे काय केले? १९६१ च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसाला दोन सुट्ट्या दिल्या. खाणी व सर्कशींसाठीच्या १९६३ च्या केंद्रीय नियमांत प्रत्येक सुटी पंधरा मिनिटांची धरली. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर सक्तीचे झाले. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि या तरतुदी तिच्यात उतरल्या.

कागदावर हे भरघोस दिसते. पण हिशेब करू. सहा महिने केवळ आईचे दूध, असे आरोग्यखाते सांगते. सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस, बेत जुळला. परंतु त्यांतले आठ आठवडे बाळंतपणापूर्वी घेण्याची मुभा आहे, आणि पायाला सूज घेऊन लोकल पकडणारी बाई ते घेतेच. मग उरतात १२६ दिवस, म्हणजे चार महिने आणि वर थोडे. उरलेल्या दोन महिन्यांची तूट पंपाने भरून काढायची. आणि कायदा सुटी देतो ती मूल पाजण्यासाठी. मूल खारघरला आणि आई महाप्याला असेल, तर ती सुटी दूध काढण्यासाठी आहे की नाही, याबद्दल कायद्यात एक अक्षर नाही. पाळणाघर नियमाने ठरवलेल्या अंतरात असावे, असे कायदा म्हणतो; पण सकाळी आठच्या हार्बर लोकलमध्ये चार महिन्यांचे मूल कडेवर घेऊन कोणी चढून दाखवावे! हा कायदा गिरणीच्या दारात चाळ असलेल्या मुंबईसाठी लिहिला गेला असावा असे वाटते.

आणि या कायद्याच्या छत्राबाहेर जी आहे, ती बाजार समितीत माल निवडणारी, नाक्यावर उभी राहणारी, घरकाम करणारी? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तिला किमान सहा हजार रुपयांचे वचन दिले. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी पाच हजार मिळतात. १८२ दिवसांनी भागले तर रोजचे साडेसत्तावीस रुपये पडतात. एवढ्या रकमेवर कोणती बाई सहा महिने मजुरी सोडील?

पंपाच्या स्वागताला म्हणूनच मी एक अट घालते. अमेरिकेकडे पाहा. तेथे आजही देशव्यापी पगारी प्रसूतिरजा नाही. १९९३ च्या कायद्याने बारा आठवडे मिळतात, तेही बिनपगारी आणि सर्वांना नव्हे. मात्र २०१० मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये त्यांनी कायदा करून कामाच्या ठिकाणी दूध काढण्यासाठी वेळ व प्रसाधनगृहाव्यतिरिक्त खाजगी जागा देणे मालकांवर बंधनकारक केले. खाजगी विम्यातून पंपही मिळू लागला. म्हणजे आईला घरी राहू द्यायचे नाही, तिचे दूध तेवढे घरी पाठवायचे. भांडवलाला ही तडजोड सोयीची आहे: यंत्र विकले जाते, हजेरी भरते आणि मूलही जगते. वेळेसाठी व जागेसाठी असा कायदा आपल्याला अवश्य हवा. परंतु उद्या एखाद्या कंपनीने प्रत्येक बाळंतिणीला पंप भेट देऊन पाळणाघराची जबाबदारी झटकली, तर त्या भेटीवर टाळ्या वाजवणाऱ्यांत आपण असता कामा नये.

माझ्या विषयाचाही येथे थोडा दोष आहे. डब्यातली भुकटी विकली की ती राष्ट्रीय उत्पन्नात जमा होते. आईचे दूध जमा होत नाही. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वॉरिंग यांनी १९८८ मध्ये या हिशेबावर बोट ठेवले, ऑस्ट्रेलियाच्या ज्युली स्मिथ तेच काम पुढे नेत आहेत. २०१६ च्या लॅन्सेट मालिकेने पुरेशा स्तनपानाच्या अभावी जगाचे होणारे वार्षिक नुकसान ३०२ अब्ज डॉलर मांडले. आकडा बाजूला ठेवला तरी, ज्या श्रमाला हिशेबात जागा नाही त्याला कचेरीतही खोली मिळत नाही, एवढे यातून कळते.

आपल्याकडे त्या खोलीला नाव मात्र फार सुंदर दिले आहे: हिरकणी कक्ष. एसटी स्थानकांवर, सरकारी कार्यालयांत ही पाटी दिसते. आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. गडावर दूध विकायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली भुकेलेले तान्हे आणि तो कडा. ती उतरली म्हणून तिचे नाव बुरुजाला मिळाले. आपण साडेतीनशे वर्षे तिच्या धाडसाचे गोडवे गातो. इतरांना दूध पुरवून आपल्या मुलापर्यंत पोहोचण्यासाठी कामकरी बाईला कडा का उतरावा लागला, हा प्रश्न आपण विचारीत नाही. आज रायगडाच्या जिल्ह्यातच पनवेल आणि खारघर येतात, तेथल्या बायका रोज असाच एक कडा उतरतात. पाटी लावल्याने काय होते, ते २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात दिसले: देवळालीच्या आमदार सरोज अहिरे तान्ह्या मुलाला घेऊन विधानभवनात आल्या, तेव्हा तेथील हिरकणी कक्ष धुळीने भरलेला होता. आमदाराची ही अवस्था, तर तुर्भ्याच्या कामगार बाईची काय असेल?

नवी मुंबई हे नियोजित शहर आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यापासून कोणत्या सेक्टरात शाळा, कोठे बाजार, कोठे उद्यान हे येथे नकाशावर आखले गेले. रेल्वे स्थानके सिडकोच्या पैशातून उभी राहिली आणि त्यांच्यावर भाड्याच्या व्यापारी इमारती चढल्या. अशा शहरात प्रत्येक स्थानकात एक स्वच्छ खोली, तिला आतून कडी, एक खुर्ची, नळ आणि शीतकपाट मागणे ही काही फार मोठी मागणी नव्हे. पाळणाघर स्थानकाजवळ, महानगरपालिकेच्या देखरेखीखाली हवे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पन्नासच्या खाली हजेरी दाखवणारे कारखाने आहेत. सामायिक पाळणाघराची सोय कायद्यातच आहे, तिच्यासाठी औद्योगिक वसाहतीने सर्वांकडून वर्गणी घ्यावी. दूध काढण्याची वेळ ही कामाचीच वेळ धरली जावी, हे नियमांत स्पष्ट लिहून घ्यावे.

पुढच्या बैठकीपूर्वी तुम्ही आपापल्या विभागातील स्थानके, बस आगार, पालिकेची विभाग कार्यालये आणि रुग्णालये पाहून या. खोली आहे का, किल्ली कोणाकडे असते, आत नळाला पाणी येते का, आणि दुपारी दोन वाजता ती उघडी असते का, हे लिहून आणा. साथींनो, या पाहणीला पुरुष कार्यकर्त्यांनीही जावे. किल्ली कोणाकडे आहे हे विचारायला आई असावे लागत नाही.