मुलीबरोबर कोण जाणार?



मी सातवी शिकलेली बाई. साधेच चार शब्द सांगते.

करोनाच्या साथीत, ऑगस्ट २०२० मध्ये, बुद्धिबळाचे ऑलिंपियाड घरोघरी संगणकावर खेळले गेले. आपल्या संघात नागपूरची दिव्या देशमुख होती. अंतिम सामन्यात इंटरनेट तुटले. तिचा व निहाल सरीनचा डाव वेळ संपून गेला. भारताने दाद मागितली, तेव्हा भारत व रशिया दोघांनाही सुवर्णपदक मिळाले.

पण ग्रँडमास्टरचा किताब घरबसल्या मिळत नाही. पटासमोर बसावे लागते. साथ पुरती सरली नव्हती, तरी ऑक्टोबर २०२१ मध्ये दिव्या हंगेरीत बुडापेस्टला खेळली व महिला ग्रँडमास्टर झाली. वय अवघे पंधरा! पुढे २०२५ साली जॉर्जियात बाटुमीला तिने महिलांचा विश्वचषक जिंकला.

आपल्या धाराशिवच्या मुलीला सोलापूरला सामन्यास जायचे झाले, तरी घरात प्रश्न उठतो, बरोबर कोण जाणार? माझ्याही घरी उठतो. साथीत जपावे, हे खरेच. पण साथ नसतानाही मुलगी घरी बसली, तर दोष रोगाला कसा द्यावा?

म्हणून माझी सूचना अशी की, मंडळातील एकेकीने आळीपाळीने मुलींच्या सोबतीला जावे. पहिल्या खेपेस मी जाईन.